आमच्या गाण्याला नाव काय?

पोटाला भाकर नाही अन् नावाची कसली चर्चा, असं काहीजण म्हणतील. पण नाव ठेवायचा हक्क कुणाकडं असतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आकाशवाणीनं खण पाडले : शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत. वामनदादा कर्डकांना (१९२२-२००४) बहुतेक जण तिसऱ्या खणात ढकलतात. मला हे मान्य नाही. जात्यावरच्या ओवीला एकटा कर्ता नसतो, ती तोंडोतोंडी घडते. तिला खुशाल लोकगीत म्हणा. वामनदादा मात्र शेवटच्या कडव्यात 'वामन' अशी सही करतात. तुकोबाची सही आली की समीक्षक तिला कविता म्हणतात, मग वामनची सही बेवारस कशी? हा नुसता शब्दाचा खेळ नाही. कॅसेटवर 'पारंपरिक' छापलं की कवीचं नाव गेलं, अन् मानधनही गेलं.

मग 'भीमगीत' म्हणा, असं आपलीच माणसं सांगतात. हे नाव वस्तीनं प्रेमानं दिलंय, त्याचा मी मान राखतो. पण ते एक विषय सांगतं. वामनदादांनी भांडवलदारांकडं धनातला वाटा मागितला, ते गाणं कुठं ठेवायचं? 'जलसा' म्हणावं तर तो सादर करायचा प्रकार झाला. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाचा बाज घेऊन बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. चालीवरून नाव द्यावं तर पोवाडा आहे, सिनेमाची चाल आहे, प्रल्हाद शिंद्यांच्या गळ्यातली कव्वालीही आहे.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या गाण्याचंही असंच झालं. 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादीत त्याला 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. जून १९४९पासून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' म्हणू लागले. शब्द बरा झाला, पण तो सुचवणारा जेरी वेक्सलर गोराच. शिक्का बदलला, मारणारा हात तोच राहिला. १९७२ साली आपल्या पोरांनी 'पँथर' हे नाव तिकडूनच आणलं, पण ते स्वतःच्या हातानं स्वतःला लावलं. फरक हा आहे.

म्हणून मी 'आंबेडकरी गाणं' म्हणतो. चाल कुठलीही असो, हातात ढोलकी असो की पेटी. गाणं माणसाला माणसाच्या बरोबरीनं उभं करतं का, एवढीच त्याची खूण. ही खूण पटली तर भाकरीचं गाणंही त्यात येतं, अन् बाबासाहेबांचं नाव घेऊन नुसती आरती ओवाळणारं बाहेर राहतं.

याहून नेमकं नाव कुणाकडं असेल तर त्यानं मांडावं. मात्र ते गाणाऱ्यांना विचारून ठेवावं.