पाच ओळींची ऑर्डर

उलट्या-जुलाबांनी गळून गेलेला पेशंट, रक्तातलं पोटॅशियम २.६. निदान ३.५ तरी हवं. केसपेपरवर पाच ओळी पडतात: एनएस ५०० मिलीत केसीएल २० एमईक्यू, दोन तासांत. मॉनिटर लावा. लघवीचं माप ठेवा. मॅग्नेशियम पाहा. बाटली संपल्यावर पोटॅशियम पुन्हा.

वॉर्डातलं हे रोजचंच लिखाण, पण त्यातला संयम दाद देण्याजोगा आहे.

पहिली निवडच मार्मिक. ग्लुकोजची बाटली टाळून मिठाच्या पाण्याची घेतली आहे. ग्लुकोजने इन्शुलिन वाढतं आणि ते पोटॅशियमला पेशींत ढकलतं. म्हणजे भरायला गेलो आणि पातळी आणखी उतरली.

'दोन तासांत' हा या रचनेचा प्राण. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेरच्या द्रवात जेमतेम ६०-७० एमईक्यू. केसीएलच्या दहा मिलीच्या एका अँप्यूलमध्येच २० असतं. ते सिरिंजने थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून ते पातळ करायचं आणि हाताच्या शिरेतून तासाला दहाच्या बेताने सोडायचं.

मधल्या दोन ओळी पहारेकऱ्यांच्या. मॉनिटर हृदयाची लय बिघडली तर लगेच सांगतो. लघवी होत नसेल तर दिलेलं पोटॅशियम अंगात साचू लागतं.

सगळ्यांत देखणी ओळ चौथी. तक्रार पोटॅशियमची, चौकशी मॅग्नेशियमची! मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जात राहतं. मग कितीही बाटल्या लावा, गळक्या हौदात पाणी ओतल्यासारखंच.

शेवटच्या ओळीत नम्रता आहे. रक्तातली पातळी ०.३ने उतरते तेव्हा शरीरातून ढोबळमानाने १०० एमईक्यू गेलेलं असतं. त्या हिशेबात २० हा पहिला हप्ता. पुढचा किती, हे रक्तच सांगेल.

उणीव एकच. उलटी थांबताच केसीएलचं सिरप पाण्यात मिसळून तोंडाने सुरू करा, ही सहावी ओळ हवी होती. पेशंट गिळू शकत असेल तर तोच मार्ग अधिक सुरक्षित. एवढं सोडलं तर या ऑर्डरमधला एकही शब्द काढता येत नाही.