विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा

वाचकहो, डोळे मिटून तुकोबारायांचे स्मरण केले की आपल्यापुढे कोणता चेहरा येतो? पुष्कळांपुढे येतो तो विष्णुपंत पागनीस या नटाचा. कित्येक घरांत त्यांचीच छबी तुकोबांची तसबीर म्हणून देव्हाऱ्यात बसली. हे भाग्य, की विचार करायला लावणारी गोष्ट? आपण दोन्ही बाजू पाहू.

पागनीस संगीत रंगभूमीवर वाढले. स्वदेश हितचिंतक मंडळीत त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. पुढे १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ बोलपटात दामले-फत्तेलाल यांनी त्यांना तुकोबांचे काम दिले. चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

पण खरे मोल गायनात आहे. आरंभीच पाहा. तुकोबा डोळे मिटून साधेपणाने अभंग म्हणतात. सालोमालो तोच अभंग आपला म्हणून ताना घेत, श्रोत्यांकडे पाहत गातो. नाटकात टाळी घेणारी गायकी कशी असते, हे पागनीसांना पुरते ठाऊक होते. ती त्यांनी बाजूला ठेवली. त्यांचा स्वर श्रोत्याला शोधत नाही, विठ्ठलाला शोधतो. कीर्तनाला उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हा धडा घ्यावा.

उणे कोठे आहे? हे तुकोबा फार सौम्य आहेत. गाथ्यातले तुकोबा देवाशी भांडतात, दांभिकाला फटकारतात, स्वतःच्या मनाशी रात्रंदिन झगडतात. तो झगडा इथे दिसत नाही. देवावर रागावण्याचे काम जिजाईकडे गेले आहे. आजारी लेकराला घेऊन, हातात वहाण घेऊन ती देवळात शिरते. गौरीबाईंनी ते असे केले आहे की प्रपंचाची आच आपल्याला त्यांच्याकडूनच लागते.

पुढे पागनीसांना संतांच्याच भूमिका आल्या: १९३९ साली तुलसीदास, १९४० साली नरसी भगत. लोकांनी नटाला संत मानले आणि नटाची वाट अरुंद झाली. १९४३ साली ते निवर्तले.

याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद अनेक जण तुकोबांचाच अभंग समजून गातात. पदाचे जे झाले तेच चेहऱ्याचे. सोंग इतके उत्तम वठले की मूळ शोधण्याची गरजच वाटेनाशी झाली. हा दोष नटाचा नव्हे, आपल्या आळसाचा आहे.

म्हणून, माउली, चित्रपट जरूर पाहा. पागनीसांना मनोमन हात जोडा; त्यांनी हजारोंना देहूच्या वाटेला लावले. मात्र वाट म्हणजे मुक्काम नव्हे. चित्रपट संपला की गाथा उघडा. तिथले तुकोबा कोणासारखेच दिसत नाहीत; ते फक्त बोलतात, आणि आपल्याला ऐकावे लागते.