अ‍ॅडम्सच्या रोजनिशीचे छापील अंश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा सहावा अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हा इ. स. १८२९ त पदावरून उतरला आणि १८३१ त प्रतिनिधिसभेंत साधा सभासद म्हणून जाऊन बसला, तो १८४८ त मरेपर्यंत. अध्यक्षपद भोगून त्या सभेंत गेलेला तो एकटाच. (सीनेटांत गेला तो अँड्र्यू जॉन्सन, १८७५ च्या मार्चांत शपथ घेऊन जुलैअखेर वारला.)

अ‍ॅडम्सच्या या उत्तरचरित्राचें मुख्य साधन त्याची रोजनिशी. पुत्र चार्ल्स फ्रान्सिस यानें ती १८७४ ते १८७७ या काळांत बारा खंडांत छापली. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेवांचून बाजूस ठेवण्याच्या नियमाशीं १८३६ पासून १८४४ पर्यंत चाललेला झगडा तींत दिवसागणिक सांपडतो. तेवढ्यापुरते हे खंड अमोल आहेत.

परंतु ग्रंथाच्या नांवांतच 'अंश' असें म्हटलें आहे, तिकडे वाचकाचें लक्ष जात नाहीं. घरगुती मजकूर गाळल्याचें संपादक स्वतः सांगतो. एरवीं ही काटछाट क्षम्य ठरती. १८२९-३० पुरती ती नाहीं. जॅक्सनकडून पराभव झाल्यावर सहा महिन्यांच्या आंत थोरला मुलगा जॉर्ज बुडून मेला. राजकारणांत परत जाणें पत्नी लुइसा हिला नको होतें. खुद्द चार्ल्सलाहि तें रुचलें नव्हतें. म्हणजे ज्या वादांत संपादक एक पक्षकार, त्याच वादाचे कागद त्यानें निवडले. यांत लबाडी होती असें मी म्हणत नाहीं. पुत्राच्या हातून याहून वेगळें घडणें कठीण.

छापलेला मजकूरहि नीट वाचला जात नाहीं. उमेदवारी सुचविणारांस अ‍ॅडम्सनें सांगितलें कीं, लोकांनीं निवडल्यास गांवचा पंच होण्यांतहि माजी अध्यक्षास कमीपणा नाहीं. निवडून आल्यावर तोच लिहितो कीं, अध्यक्षपदानें याच्या निम्मेंहि समाधान दिलें नव्हतें. चरित्रकार दोन्ही उद्गार नम्रतेच्या खातीं जमा करतात. पहिला खुशाल करावा. दुसरा मला दुखावलेल्या मानी पुरुषाचा वाटतो. १८२५ त जॅक्सनला अधिक मतें असतां प्रतिनिधिसभेनें याला अध्यक्ष केलें, व तो डाग चार वर्षें पुसला गेला नाहीं. प्लिमथच्या मतदारांनीं सरळ दिलेला कौल अशा माणसाला गोड लागणारच.

मूळ ५१ वह्या, सुमारें १४,००० पृष्ठें, बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इतिहास मंडळाच्या संग्रहीं असून त्यांच्या प्रतिमा आतां कोणासहि पाहतां येतात. १८३० च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरपर्यंतच्या नोंदी त्यांवरून ताडून पाहिल्यावांचून, निदान या प्रश्नीं तरी, छापील खंडांचा आधार देऊं नये.