तारामतीला कुणी विचारलं?

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू होतो तो एका सुखी राजघरात. राजा रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतोय, राणी तारामती जवळच आहे. रोहिदास झालाय फाळक्यांचाच मुलगा, भालचंद्र.

३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेला हा मूकपट ३,७०० फुटांचा होता. आज उरलेत १,४७५ फूट, पहिलं रीळ आणि शेवटचं. तेही १९१७च्या नव्या आवृत्तीचं असावं, असं काही अभ्यासक मानतात. त्यामुळे फोनवर बघताना आपल्याला भरलेलं घर दिसतं, गेलेलं राज्य दिसतं आणि शेवटी ते परत मिळतं. दिलेल्या शब्दासाठी राजा बायकोला आणि मुलाला विकतो, तो मधला भाग मात्र हरवलाय. किंमत तारामतीनं मोजली, आणि नेमकं तेच बघायला उरलेलं नाही.

ही तारामती म्हणजे अण्णा साळुंके, एका हॉटेलातले आचारी. सिनेमात काम करायला बाई मिळेना; वेश्यावस्तीतूनही नकार आला. साळुंक्यांचे हातवारे थेट नाटकातले आहेत. राणीचा डौल जमतो, बाईची घालमेल जमत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या जत्रांत वगातल्या राण्या बघत वाढलेल्यांना हे फार जाणवेल. तमाशात तेव्हा बाई उभी राहू लागली होती. पठ्ठे बापूरावांची पवळा गाजलेली होती. पुढे नारायणगावच्या विठाबाईंनी तर स्वतःचा फड चालवला. ज्या कलेला शिष्ट लोक नावं ठेवत, तिथे बाई होती. पुराणातली पतिव्रता दाखवायला मात्र पुरुष लागला.

पडद्यामागे मात्र एक बाई होती. सरस्वतीबाई फाळके. त्यांनी दागिने गहाण टाकू दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्म धुण्याची रसायनंही हाताळली. नवऱ्याच्या ध्यासापायी घर पणाला लागलं होतं ते इथे, खरोखरचं.

म्हणून हा मूकपट बघावा, पण ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणून नुसता नमस्कार करून सोडू नये. शेवटी मुकुट राजाच्या डोक्यावर परत येतो तेव्हा नजर तारामतीकडे ठेवा. तिला कुणी काही विचारतंय का, ते बघा.