रेडिएटरमधले पाणी आणि अर्धे उत्तर

‘शास्त्रीय कारणे द्या : मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी वापरतात.’ या प्रश्नाचे उत्तर आपला विद्यार्थी एका दमात देतो. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त असते, म्हणून ते पुष्कळ उष्णता शोषते आणि स्वतः फारसे तापत नाही. गुण मिळतात, प्रश्न संपतो. या उत्तरात खोटे काही नाही. पण मे महिन्यात जळगावहून धुळ्याला निघालेली गाडी पारोळ्याच्या आसपास तापली, तर हे उत्तर काडीच्याही उपयोगाचे नाही. माझा आक्षेप त्याच्या अपुरेपणाला आहे, कारण त्यामुळे पुढचा प्रश्न विचारण्याची सवयच लागत नाही.

थोडे गणित करून पाहू. चढावर एखादी मोटार तासाला ६ लिटर पेट्रोल जाळते असे धरा. एका लिटरमधून सुमारे ३.३ कोटी ज्यूल ऊर्जा मिळते आणि ढोबळमानाने तिचा तिसरा हिस्सा पाण्याच्या वाट्याला येतो. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १८ हजार ज्यूल. गाडीत पाणी ५ लिटर. ते एका अंशाने तापायला २१ हजार ज्यूल पुरतात. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर ३० अंशांचे पाणी दीड मिनिटातच उकळू लागेल! इंजिनाचा धातूही तापतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागेल, इतकेच. तेव्हा पाणी हे उष्णतेचे कोठार नव्हे, हमाल आहे. ओझे शेवटी उतरवायचे ते हवेत.

आणि ती हवा खानदेशातली! रेडिएटरमधून बाहेर पडणारी उष्णता ढोबळमानाने पाणी व हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. पाणी ९० अंशांवर व हवा २५ अंशांवर असताना हा फरक ६५ असतो. हवा ४५ अंशांवर गेली की तो ४५ उरतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता जवळजवळ तीस टक्क्यांनी घटली. त्यात बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतून नळ्यांत क्षार साचलेले असतील, तर चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना काटा लाल पट्ट्याकडे सरकणारच.

पाठ्यपुस्तकी उत्तराची खरी अडचण कूलंटपाशी होते. पाण्यात निम्मे ग्लायकॉल मिसळले की मिश्रणाची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होते. तरीही तेच वापरायला सांगतात, कारण ते उशिरा उकळते आणि त्यातील इतर द्रव्ये धातू गंजू देत नाहीत. हे विद्यार्थ्याला कोण सांगणार? रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. ०.९ बार जादा दाबाखाली साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. प्रेशर कुकर शिकवताना आपण हे सांगतो, मग मोटारीपाशी का विसरतो? गरम इंजिनाचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, पाणी उसळते आणि हात-तोंड भाजते.

आता काट्याकडे वळू. तो इंजिनाचे तापमान दाखवतो असे सगळे समजतात. तापमापी फक्त स्वतःचेच तापमान सांगते. इंजिनात बसवलेला संवेदक सहसा थर्मिस्टर असतो आणि तापला की त्याचा रोध कमी होतो. गळतीमुळे पाणी त्याच्याखाली गेले, तर तो हवेत लोंबकळतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा एकाएकी उतरला म्हणून निर्धास्त होणारा चालक इंजिनाचे हेड गमावून बसतो. उलट, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवताच काटा लाल पट्ट्यात गेला, तर दोष बहुधा तारेत किंवा संवेदकात असतो. गार इंजिन एका सेकंदात तापत नाही, एवढा तर्क आठवीच्या मुलालाही करता येतो. रेल्वे फाटकावर उभी असताना तापणारी आणि रस्त्याला लागताच निवणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते. वेगात व चढावर तापणाऱ्या गाडीत मात्र रेडिएटर, पाण्याचा पंप, झाकण तपासावे.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीतही याच अर्ध्या ज्ञानातली. तो ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास उघडू लागतो, म्हणजे तापलेल्या इंजिनात वाट मोकळीच असते. काही इंजिनांत तो उघडताना आडवाट बंदही करतो. तो काढला की थोडे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परतते. अडकून बसलेला थर्मोस्टॅट बदलावा, रिकामी जागा ठेवू नये.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. दुकानातून एक थर्मिस्टर आणा, मल्टिमीटरला जोडा, जोडाच्या तारांवर मेणाचा नव्हे तर उष्णता सोसणाऱ्या नळीचा थर द्या आणि तो गरम पाण्यात बुडवा. रोध उतरेल. मग पाणी तसेच गरम ठेवून थर्मिस्टर पृष्ठभागावर बोटभर उचला आणि आकडा कुठे जातो ते मुलांनाच वाचायला सांगा.