चिनी काष्ठपीठें : मूळ आणि टीका

चिनी पात्रांवर व रत्नशिल्पांवर विपुल लेखन झालें आहे. तीं ज्या कोरीव लांकडी बैठकींवर ठेविलेलीं असतात, त्यांकडे मात्र अभ्यासकांची दृष्टि क्वचितच वळते. आपल्या देवघरांत शंखाखालीं अडणी असते, त्याच जातीची ही वस्तु. परंतु चिनी कारागिरानें तिला स्वतंत्र कलेच्या पदवीस नेलें.

ह्या बैठकींचें मानाचें लांकूड 'झितान', म्हणजे बहुतांशीं आपल्या पूर्व घाटांतील रक्तचंदन. तें पाण्यांत बुडण्याइतकें जड व अत्यंत घट्ट असल्यामुळें त्यावर बारीक रेषाहि स्पष्ट उमटते. नांवांतील 'तान' हें अक्षर बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत आपला 'चंदन' शब्द लिहिण्यासाठीं योजिलेलें आहे. संस्कृताच्या अभ्यासकास ह्याचें कौतुक वाटावें. मला तरी वाटलें.

कारागिराची खरी परीक्षा कमलदलें किंवा लाटा कोरण्यांत नाहीं. पंडितांच्या अभ्यासिकेंत ठेवावयाच्या वेड्यावांकड्या शिळेची बैठक पाहावी. शिळेच्या तळाचा प्रत्येक उंचवटा हेरून तिच्यासाठीं खांच कोरतात, आणि शिळा त्या खांचेंत तोल सांवरून उभी राहते. कोणती बाजू वर, कोणता मुखभाग, हें बैठकच ठरविते. म्हणजे शिळेचा अन्वय कारागिरानें लावलेला असतो. मल्लिनाथानें टीकाकारास घालून दिलेली मर्यादा येथें पाळलेली दिसते.

छ्येनलुंग बादशहाच्या (१७३५–१७९६) दरबारीं ही मर्यादा सुटली, असें माझें मत आहे. तायपेच्या राजप्रासाद-संग्रहालयांत उत्तर सुंग काळचें, रू भट्टीचें एक उथळ पात्र आहे. त्याच्या झिलईवर तडा म्हणून नाहीं. त्या निःशब्द वस्तूखालीं बादशहानें झितानाची बैठक दिली, बैठकीस खण केला आणि खणांत स्वहस्ताक्षराची चित्रपोथी ठेविली! बैठक देखणी आहे, पण फार बोलते. ब्रिटिश म्युझियममधील, तीन सहस्रांहून अधिक वर्षें जुन्या हरिताश्माच्या चक्रावर तर त्यानें १७९० सालीं आपली कविताच कोरविली. त्या चक्रास तो वाडग्याची बैठक समजला होता. मूळासच टीका मानण्याचा हा प्रमाद विलक्षण खरा, परंतु त्या प्रमादामुळेंच बादशहाची दृष्टि आज आपणांस कळते.

म्हणून बैठक अलंकार समजून वेगळी काढणें म्हणजे पुरावा टाकणें होय. सूचिकारांनीं वस्तूबरोबर बैठकीचें माप, लांकूड व कोरीव अक्षरें नोंदवावीं, आणि खांच तळाशीं जुळते कीं नाहीं तें अवश्य पाहावें. न जुळल्यास ती जोडी मागाहून कोणीतरी जमविली असावी, असा संशय धरावा.