विहारातला धनपती

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या देवळाली प्रवऱ्यात पाटावर चोपड्या येतात, नाणी येतात, लाह्या-बत्तासे येतात, आणि कोपऱ्यातली केरसुणीसुद्धा हळदकुंकू लावून घेते. या उसाच्या मुलखाला धनाचे वावडे कधीच नव्हते. ते असायचे भिक्षूंना. सोन्यारुप्याला हात न लावण्याचे व्रत घेतलेल्या त्या लोकांनी आपल्या विहारात धनाचा देव का बसवला, हा प्रश्न अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात टाळता येत नाही.

पाचव्या शतकातले हे लेणे. मध्ये बुद्धाचा गाभारा. त्याच्या उजवीकडच्या लहान दालनात कुबेराचा सेनापती पंचिक यक्ष आणि त्याची पत्नी हारीती. डावीकडे आणखी दोन पुष्ट यक्ष. त्यांना शंखनिधी व पद्मनिधी म्हणून ओळखतात.

अशी दैवते म्हणजे धर्माचा ऱ्हास, दात्या शेटसावकारांची मर्जी, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. विहार देणग्यांवर चालत, हे खरेच. पण हे उत्तर मला आळशी वाटते. ते मूर्तीकडे पाहतच नाही. पंचिकाशेजारी कोण बसली आहे? राजगृहाची पोरे खाणारी यक्षिणी. तिला स्वतःला पाचशे मुले. बुद्धाने तिचा धाकटा भिक्षापात्राखाली लपवला, तेव्हा तिला दुसऱ्या आयांचे दुःख कळले. मग तिने विचारले, आता माझ्या पोरांनी खायचे काय? या प्रश्नावर बुद्ध प्रवचन देत नाही. विहारातल्या रोजच्या अन्नातला वाटा तो तिच्या नावे करून देतो. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने भोजनशाळेजवळची हारीतीची मूर्ती आणि तिच्यापुढचा रोजचा नैवेद्य यांची नोंद केली आहे. म्हणजे धनाच्या या जोडप्याची जागा तिजोरीपाशी नाही, पंगतीपाशी आहे.

पुढच्या काळातल्या जंभलाचेही तसेच. त्याच्या एका हातात म्हाळुंग, दुसऱ्यात मुंगूस. (कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही म्हाळुंगच आहे, बियांनी भरलेले हे फळ कोणा एका पंथाचे नव्हे.) मुंगसाच्या कातड्याची पैशाची थैली करीत, तिचेच हे रूप झाले, असे अभ्यासक सांगतात. मला मोलाचे वाटते ते एवढेच, की हे मुंगूस रत्ने गिळून बसत नाही, ओकते. आमच्या गोष्टींतला पुरलेल्या हंड्यावरचा नाग नेमका उलटा: राखतो, आणि कोणाला देत नाही.

अजिंठ्याच्या शिल्पकाराला हे उमगले असावे. हारीतीच्या मांडीवर मूल आहे. वरच्या बाजूला तिचा जुना उग्र अवतार त्याने पुसलेला नाही, आणि आसनाखाली तर चक्क शाळा भरवली आहे. पंतोजी छडी घेऊन बसले आहेत. पुढची पोरे अभ्यासात. मागच्यांचे लक्ष मात्र खेळात आणि एडक्यांत.